नळी आणि गळा

नगर जिल्ह्याचे वर्णन करावयास बसले म्हणजे लोक प्रथम दुष्काळ सांगतात, नंतर साखरेचे कारखाने आणि मग चांदबिबीचा किल्ला. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी हे वर्णन काही बदललेले नाही. मला मात्र हा जिल्हा पहिल्यापासून गळ्याचा जिल्हा वाटत आला आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. परंपरा असे सांगते की ज्ञानेश्वर बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत गेले. मराठीतील हा थोर ग्रंथ आधी कानावर पडला आणि मग कागदावर आला. राहुरी तालुक्यातील ताहाराबादेचे महिपतीबुवा संतचरित्रे लिहीत, पण लोक त्यांस ओळखत ते कीर्तनातून. संगमनेरचा अनंत फंदी आधी तमाशाच्या फडात डफावर गाजला, आणि पुढे त्याने कीर्तनाची कास धरली, ती अहिल्याबाई होळकरांच्या शब्दावरून असे म्हणतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर याच नगरात बसून कीर्तनाचीच वाट चोखाळली; धर्म बदलला तरी झांज काही सुटली नाही. आजही जिल्ह्यात सप्ताह बसतात, चैत्रात जत्रांचे तमाशे उभे राहतात, कांद्याच्या बाजारात लिलाव तोंडानेच पुकारला जातो, आणि साठ-सत्तर पोरांच्या वर्गापुढे मास्तर दिवसभर बोलत असतात. या साऱ्यांचे पोट गळ्यावर चालते.

अशा माणसास केव्हा ना केव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजण्याची वेळ येते. पित्ताशयात खडे होतात, आतड्यास पीळ पडतो, अपघातात हाड मोडते. कारण काहीही असो. शस्त्रक्रिया यथास्थित पार पडते, टाके सुकतात, मनुष्य घरी येतो आणि ओसरीवरून पोराला हाक मारतो. ती हाक त्याची त्यालाच ओळखू येत नाही. आवाज बसल्यासारखा, खरखरीत, जरा वर चढवू गेले की फाटणारा. समाचारास आलेली मंडळी आपापले निदान सांगून जातात: औषधे उष्ण पडली, भूल मानवली नाही, दृष्ट लागली. रोग्याचा प्रश्न मात्र अगदी साधा आणि रास्त असतो. चिरले पोटाला, मग गळ्याने काय केले?

उत्तर असे की, मनुष्य गुंगीत असताना भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या तोंडावाटे एक नळी श्वासनलिकेत उतरविलेली असते, आणि श्वासनलिकेत उतरावयाचे तर स्वराच्या दारातूनच जावे लागते. दुसरी वाट नाही. ही नळी तेथवर कशी पोचली याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. त्यातही ते दार प्रथम ज्याने नीट पाहिले तो मनुष्य वैद्य नव्हता, गाणे शिकविणारा उस्ताद होता. आपल्याकडे ती फारशी कोणी सांगितलेली नाही, म्हणून येथे सांगतो.

आधी दाराचे वर्णन थोडक्यात केले पाहिजे. गळ्यापुढे हाताला जी उंचवटी लागते, जिला आपण घाटी म्हणतो, तिच्या आत दोन मऊ पडद्या आडव्या ताणलेल्या असतात. त्यांस स्वरतंतू म्हणतात, पण ते तंतूसारखे सुटे नसून ओठांसारखे कडेला चिकटलेले असतात. पुरुषांत त्यांची लांबी सुमारे दोन सेंटिमीटर, स्त्रियांत त्याहून कमी. श्वास घेताना ते एकमेकांपासून दूर होतात, बोलताना जवळ येतात, आणि फुप्फुसातून वर येणारी हवा त्यांस कंप देते. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे कंप सेकंदाला शंभर-सवाशे, स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास होतात. तारसप्तकात त्याच्या कितीतरी पट. इतक्या नाजूक कामासाठी त्यांच्यावर अत्यंत पातळ, ओलसर आवरण असते. त्यास किंचित सूज आली तरी तंतू जड होतो, कंप मंदावतो, आवाज खाली उतरतो आणि वरचे सूर प्रथम जातात. सतारीच्या तारेवर ओला दोरा गुंडाळला तर जे होईल तेच येथे होते.

गळ्यास इजा झाली असता वाणी जाते किंवा पालटते ही गोष्ट आपल्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. सुश्रुताने मर्मांची गणना करताना कंठनाडीच्या दोहों बाजूंस नीला आणि मन्या ही मर्मे सांगितली आहेत, आणि त्यांस धक्का लागल्यास माणूस मुका होतो, त्याचा स्वर विकृत होतो, त्यास चव कळेनाशी होते, असे म्हटले आहे. स्वरभेद या विकाराची कारणे देतानाही फार मोठ्याने बोलणे आणि अतिपाठ यांच्या पंक्तीस त्याने अभिघात बसविला आहे. तिकडे रोमच्या राज्यात दुसऱ्या शतकात गॅलन नावाच्या वैद्याने ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतील दोन बारीक मज्जातंतू लोकांसमक्ष कापून दाखविले. डुक्कर धडपडत राहिले, पण त्याचा आवाज तत्क्षणी बंद झाला. या मज्जातंतूंचा मार्ग चमत्कारिक आहे. मेंदूकडून निघून ते गळ्याला ओलांडून खाली जातात, आणि मागे वळून पुन्हा घाटीकडे चढतात. डावा तर थेट छातीत उतरून हृदयाच्या महारोहिणीस वळसा घालून वर येतो. एवढी लांबची वाट असल्यामुळे त्यास इजा होण्याच्या जागाही पुष्कळ. गलगंडाच्या शस्त्रक्रियेनंतर कधी कधी आवाज जातो तो याच मज्जातंतूमुळे.

श्वासनलिकेत नळी घालून प्राण राखता येईल ही कल्पनाही जुनीच. व्हेसेलियस या शारीरशास्त्रज्ञाने १५४३ सालच्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, जनावराच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून त्यात बोरूची नळी बसवून फुंकत राहिले तर छाती उघडी असूनही ते जगते. पण ही झाली गळा बाहेरून फोडण्याची वाट. तोंडातून, दाराला धक्का न लावता आत जावयाचे तर दार दिसले पाहिजे, आणि जिवंत माणसाचे ते दार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नीटपणे कोणीच पाहिलेले नव्हते.

ते पाहिले मान्युएल गार्सिया याने. हा १८०५ साली स्पेनमध्ये जन्मला. बाप युरोपातील नामांकित गवई. रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या संगीत नाटकाच्या १८१६ सालच्या पहिल्या प्रयोगात नायकाची भूमिका त्याने केली होती. बहीण मारिया मालिब्रान हिचे नाव तर त्या काळी आपल्याकडे बालगंधर्वांचे जसे, तसे घरोघर होते. बापाने मुलालाही रंगभूमीवर उभे केले, अमेरिकेच्या दौऱ्यावर नेले. पण कोवळ्या वयात पडलेला ताण गळ्याला सोसला नाही आणि पंचविशीच्या आतच गार्सियाने रंगभूमी सोडली. पुढे तो शिकवू लागला. ज्याचा स्वतःचा आवाज हरवला त्याला आवाज म्हणजे काय हे जाणण्याची ओढ लागावी यात आश्चर्य नाही. मृत शरीरांतील स्वरयंत्रे त्याने तपासली, १८४० साली फ्रान्सच्या विज्ञानसभेपुढे मानवी स्वरावर निबंध ठेवला. १८४१ साली स्वीडनची जेनी लिंड ही तरुण गायिका अतिश्रमाने बसलेला आवाज घेऊन त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने तिला आधी काही शिकविलेच नाही. कित्येक आठवडे गाऊ नकोस, आणि बोलणेही होईल तितके टाळ, म्हणून बजावले. तिने ते पाळले, आवाज परतला, आणि मग साऱ्या युरोपाने तो ऐकला. आपल्याकडील एखाद्या जुन्या खाँसाहेबांनी शागिर्दास याहून वेगळे काय सांगितले असते!

१८५४ साली गार्सिया पॅरिसमध्ये सुटीवर होता. रस्त्याने हिंडता हिंडता एका इमारतीच्या तावदानावर चमकणारे ऊन पाहून त्याच्या मनात एकदम आले की, एक आरसा घशात आणि दुसरा हातात धरला तर ऊन आत पाठविता येईल. तो तसाच शस्त्रवैद्यांची हत्यारे विकणाऱ्या शारियेर याच्या दुकानात गेला. तेथे लांब दांड्याचा एक चिमुकला दंतवैद्यकाचा आरसा पडून होता. १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनात कोणी त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. गार्सियाने तो सहा फ्रँकांस घेतला, घरी येऊन कढत पाण्यात ऊन केला, म्हणजे श्वासाने त्यावर बाष्प धरू नये, पडजिभेला टेकवला, आणि हातातल्या आरशाने सूर्याचा कवडसा त्यावर पाडला. समोर त्याला स्वतःचे स्वरतंतू उघडे-मिटे होताना दिसले. सूर लावताना ते कसे जवळ येतात, पट्टी चढविताना कसे ताणतात, हे सगळे त्याने एकट्याने, स्वतःच्याच गळ्यात पाहिले. पुढच्या वर्षी, १८५५ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. डॉक्टरांनी त्याची प्रथम विशेष दखल घेतली नाही. मग व्हिएन्नाचा ट्युर्क आणि पेस्तचा चेर्माक यांनी १८५७-५८ मध्ये तोच आरसा रोग्यांच्या घशात धरला, आणि स्वरयंत्राचे वैद्यक जन्मास आले. १९०५ साली गार्सियाला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा लंडनात त्याचा सत्कार करण्यास जगभरचे घशाचे डॉक्टर जमले होते. हा गाण्याचा मास्तर त्यांच्या धंद्याचा मूळपुरुष ठरला.

गार्सियाच्या अखेरच्या काळात आपल्याकडेही एक मोठा गळा हरवला आणि सापडला. अल्लादिया खाँसाहेब (१८५५-१९४६) अमलेटा संस्थानात लागोपाठ कित्येक दिवस गायिले आणि त्यांचा आवाज जो गेला तो सुमारे दोन वर्षे परतला नाही. परतला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. त्या नव्या, जड आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडविली. पुढे कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयाने ती महाराष्ट्रात रुजली आणि जयपूर-अत्रौली घराणे म्हणून आपण आज तिला मानतो. त्याच परंपरेतील किशोरीताई आमोणकरांचाही आवाज ऐन पंचविशीत काही काळ गेला होता. या गोष्टींत नळीचा संबंध नाही. पण आवाज जाणे म्हणजे काय, आणि परत आलेला आवाज निराळा असला तर मनुष्याला स्वतःलाच कसे निराळे व्हावे लागते, हे त्यांवरून कळते. अल्लादिया खाँसारखी प्रतिभा प्रत्येकाजवळ नसते. गावच्या कीर्तनकाराचा आवाज बदलला तर त्याचे घराणे होत नाही. त्याचा हंगाम बुडतो.

आता नळीकडे वळू. ग्लासगोचे शस्त्रवैद्य विल्यम मॅकिवेन यांच्याकडे १८७८ साली भिंतींना गिलावा करणारा एक कारागीर आला. त्याच्या जिभेच्या मुळाशी कर्करोग होता. तेथे शस्त्र चालवावयाचे तर रक्त फुप्फुसात उतरून रोगी गुदमरणार. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे आधी गळ्याला छिद्र पाडणे. मॅकिवेन यांनी तो टाळला. मृतदेहावर सराव करून, रोगी जागा असतानाच, केवळ बोटाच्या आधाराने त्यांनी त्याच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी सारली, भोवतीची पोकळी कापडाने बुजविली, आणि त्या नळीतूनच क्लोरोफॉर्म दिले. त्या दिवशीची तारीख ५ जुलै होती. गळा न फोडता केलेली ही पहिली अशी शस्त्रक्रिया. त्या कारागिराने ती नळी शुद्धीवर कशी सोसली असेल याची कल्पना करवत नाही. घशात बोट घातले तर आपण काय करतो हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. मॅकिवेन यांची हकीकत १८८० साली छापून आली, पण त्या वाटेने लगेच फारसे कोणी गेले नाही.

नळी लोकांत पसरली ती निराळ्याच कारणाने, घटसर्पामुळे. या रोगात मुलाच्या घशात साय धरते, ती स्वरयंत्रावर चढते आणि मूल डोळ्यांदेखत गुदमरून जाते. मागच्या पिढ्यांतील आयांनी हे पाहिलेले आहे. न्यूयॉर्कच्या एका अनाथ बालकांच्या रुग्णालयातील डॉक्टर जोसेफ ओड्वायर यांनी अनेक वर्षे खटपट करून लहान मुलांच्या स्वरतंतूंच्या मध्ये बसेल अशी धातूची आखूड नळी तयार केली आणि १८८५ च्या सुमारास ती जगापुढे ठेवली. नळी बसली की काळेनिळे पडलेले मूल पुन्हा लाल होई आणि झोपी जाई. पण त्या झोपेतून उठून ते रडू लागले तर रडण्याचा आवाज येत नसे, कारण दोन तंतू एकमेकांस मिळणार कसे? नळी काढीपर्यंत मूल मुके. काही मुलांच्या गळ्यात नळीच्या दाबाने व्रण पडले, वण धरून वाट अरुंद झाली, आणि त्यांची नळी काढणेच कठीण होऊन बसले. दाब कमी व्हावा म्हणून ओड्वायर यांनी नळीचा आकार पुनःपुन्हा बदलला. नळी श्वास देते आणि स्वराकडून त्याचे मोल घेते, हे ज्याने प्रथम समक्ष पाहिले आणि मनावर घेतले तो हाच मनुष्य, असे मला वाटते. पुढे १८९४ पासून घटसर्पाची प्रतिविषलस मिळू लागली आणि या नळ्यांची गरज उतरणीस लागली.

त्याच सुमारास, १८९५ साली, बर्लिनच्या किर्ष्टाइन यांनी आरशावाचून, दिव्याची पट्टी जिभेवर दाबून स्वरयंत्र सरळ डोळ्यांनी पाहण्याची रीत काढली. मग पहिले महायुद्ध आले. खंदकातून डोके वर काढणाऱ्या शिपायांचे चेहरे गोळ्यांनी उडाले. त्यांना नवे नाक, नवे ओठ करून देण्याचे काम इंग्लंडात सिडकप येथे हॅरॉल्ड गिलीज यांनी आरंभिले. जेथे शस्त्र चालवावयाचे तेथेच भुलीचा मुखवटा धरावा लागणार, ही अडचण. इव्हान मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम या दोन तरुण डॉक्टरांनी ती सोडविली. रबरी नळीची भेंडोळी आणून ते हवे तेवढे तुकडे कापीत आणि नाकातून किंवा तोंडातून श्वासनलिकेत सोडीत. आत जाणारा आणि बाहेर येणारा श्वास एकाच रुंद नळीतून वाहू लागला. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत गीडेल आणि वॉटर्स यांनी नळीच्या टोकाशी फुगविता येणारा रबरी फुगा बसविला, म्हणजे बाजूने काही आत उतरू नये. तो किती पक्का बसतो हे दाखविण्यासाठी गीडेल यांनी आपल्या कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून, पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले. वेळ झाल्यावर बाहेर काढताच कुत्रा शुद्धीवर आला आणि अंग झाडून चालता झाला. त्याच्या भुंकण्यात काही फरक पडला की काय, हे मात्र कोणी नोंदवून ठेवलेले नाही.

तरीही नळी सर्वांना घालण्याचा प्रघात पडला तो १९४२ नंतर. त्या वर्षी जानेवारीत माँट्रियलच्या ग्रिफिथ यांनी दक्षिण अमेरिकेतील शिकारी बाणांना लावीत ते कुरारे हे विष शस्त्रक्रियेत वापरले. त्याने स्नायू सैल पडतात, म्हणून शस्त्रवैद्याचे काम सोपे होते. पण श्वासाचे स्नायूही सैल पडतात, म्हणून श्वास दुसऱ्याने चालवावा लागतो, आणि त्यासाठी नळी आली. याच्या आधी आपल्या इकडील दवाखान्यांत तोंडावर जाळीचा मुखवटा धरून क्लोरोफॉर्मचे किंवा ईथरचे थेंब टाकणे हीच रीत असे. शेजारच्या निजामशाहीत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म आयोग बसले, त्यांतही वाद श्वासावर लक्ष ठेवावे की नाडीवर, एवढाच होता. नगरात विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनच्या डॉक्टर रूथ ह्यूम यांनी स्त्रियांमुलांसाठी रुग्णालय चालविले. आज जिल्ह्यात लोणी येथे १९८४ साली निघालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, इतरही मोठी रुग्णालये आहेत, आणि पूर्वी मुंबई-पुण्यास जाऊन कराव्या लागत त्या शस्त्रक्रिया येथे रोज होतात. जे साधन युद्धात चेहरा गमावलेल्यांसाठी निघाले ते आता शेवगाव-पाथर्डीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला आले आहे. ही गोष्ट चांगलीच झाली. या नळीमुळे किती प्राण वाचले याची मोजदाद नाही.

मग आवाज बिघडतो तो नेमका कशाने? बहुधा केवळ घर्षणाने. सात ते साडेआठ मिलिमीटर पोकळीची नळी दोन-तीन तास त्या नाजूक आवरणास टेकून राहिली की थोडी सूज येतेच. निरनिराळ्या पाहण्यांतून दिसते की नळी घातलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांचा आवाज दुसऱ्या दिवशी कमी-अधिक बसलेला असतो. बहुतेकांचा तो काही दिवसांत मोकळा होतो. क्वचित तंतूच्या मागच्या बाजूस, जेथे नळी अधिक रेटून असते, मांसांकुर वाढतो. त्याहून क्वचित तंतूंना हलविणारी मागची दोन चिमुकली कूर्चा सांध्यातून सरकते. यात डाव्या बाजूचे प्रमाण अधिक, कारण घसा पाहण्याची पट्टी डाव्या हातात असते आणि नळी उजवीकडून शिरते. आणि कधी फुगा तंतूंच्या अगदी खाली फुगला तर तेथून जाणारा तो वळणी मज्जातंतू चेंगरतो आणि एका बाजूचा तंतू लुळा पडतो. फुग्याचा दाब वीस ते तीस सेंटिमीटर पाण्याइतका असावा असा दंडक आहे; त्यापलीकडे श्वासनलिकेच्या आवरणातील रक्त वाहीनासे होते. नळी दिवसेंदिवस राहिली तर हे सारे धोके वाढतात. २०२०-२१ च्या करोनाच्या साथीत कित्येकांना ती आठवडेच्या आठवडे होती, आणि प्राण घेऊन परतलेल्या अनेकांनी जुना आवाज तेथेच ठेवला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. आवाज बसला म्हणजे डॉक्टर चुकले असे होत नाही. अत्यंत निष्णात हातानेही सूज येते. पण ही नळी घातली जाणार आहे आणि तिने असे होऊ शकते, हे रोग्यास आधी सांगितले जाते का? संमतिपत्रावर सही होते, अंगठा उठतो, त्या कागदावर छापलेले नातेवाईक वाचीत नाहीत आणि वाचून दाखविण्यास कोणास सवड नसते. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ म्हणून आवाजाची तक्रार उडवून लावली जाते. ज्याच्या डोक्यावर एकच पगडी आहे त्याने काय करावे? नगरजवळच्या अरणगावी मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले आणि १९६९ साली देह ठेवीपर्यंत, चव्वेचाळीस वर्षे, ते सोडले नाही. ते मौन त्यांनी स्वतः पत्करले होते, आणि त्याभोवती त्यांचे कार्य उभे राहिले. न विचारता, न सांगता आलेल्या मौनाची गोष्ट निराळी. कीर्तनकाराला, तमाशातल्या बाईला, लिलाव पुकारणाऱ्याला नळीपूर्वी दोन वाक्ये सांगितली तर त्याला निदान हे तरी कळते की आपला आवाज देवाने किंवा शेजारणीने नेलेला नाही.

सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि करण्यासारखेही. खुबा, हर्निया, बाळंतपण अशा कमरेखालच्या पुष्कळ शस्त्रक्रिया पाठीत सुई देऊन होतात. तेथे घशाला हातच लागत नाही. नळी लागतेच तेव्हा किंचित लहान आकाराची घालता येते आणि फुग्याचा दाब मोजून ठेवता येतो. इंग्लंडच्या आर्ची ब्रेन यांनी १९८१ पासून घडविलेला आणि १९८८ साली विक्रीस आलेला एक मऊ मुखवटा घाटीच्या वर बसतो, तंतूंच्या मधून जात नाही. थोड्या वेळाच्या पुष्कळ शस्त्रक्रियांना तो पुरतो. पोट भरलेले असेल, किंवा शस्त्रक्रिया लांबणारी असेल, तर मात्र नळीच सुरक्षित. याचा निर्णय भूलतज्ज्ञाने करावयाचा. पण त्याने निर्णय करावा यासाठी रोग्याचा धंदा त्याला ठाऊक हवा. ‘मी गातो’ हे दोन शब्द दम्याइतकेच आणि पडणाऱ्या दाताइतकेच त्याच्या कागदावर टिपण्याजोगे आहेत. मुदतीने करावयाची शस्त्रक्रिया असेल तर तमासगिराने ती जत्रांचा हंगाम सरल्यावर आणि कीर्तनकाराने सप्ताह आटोपल्यावर करून घ्यावी, हेही कोणी बोलून दाखविले पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत आपली माणसे दोन चुका करतात. एक तर आवाज ‘मोकळा’ व्हावा म्हणून जोर लावून ओरडतात. दुसरी मंडळी कुजबुजत बोलतात आणि त्याला विश्रांती समजतात. कुजबुजण्यातही तंतूंना ताण बसतो. पाणी पुष्कळ प्यावे, बोलणे थोडे आणि साध्या सुरात ठेवावे, तंबाखू सोडावी. गार्सियाने जेनी लिंडला जे सांगितले त्यात याहून फार काही नव्हते. दोन-तीन आठवड्यांनीही आवाज सुधारला नाही, किंवा पाणी पिताना ठसका लागू लागला, श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर मात्र घशाच्या डॉक्टरांना दाखविण्यास दिरंगाई करू नये. सरकलेली कूर्चा लवकर ओळखली तर जागेवर बसविता येते; उशीर झाला की सांधा तसाच आखडतो. लुळा पडलेला तंतू पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप हलू लागतो, न हलला तर त्यास मधोमध आणण्याचे उपाय आहेत, आणि आवाजाचे शास्त्रशुद्ध व्यायाम शिकविणारेही आता मिळतात. डॉक्टर श्रीराम लागू हे पेशाने कान-नाक-घशाचे शस्त्रवैद्य होते आणि रंगभूमीवर ‘नटसम्राट’ झाले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण गाणारे आणि घसा तपासणारे यांची भेट एका देहात होण्याची वाट पाहण्याचे आता कारण उरलेले नाही.

ती तपासणीही पाहण्यासारखी असते. नाकावाटे बोरूएवढीही जाड नसलेली लवचिक दुर्बीण आत सोडतात; तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. रोग्याला ‘ई’ म्हणावयास सांगतात. शेजारच्या पडद्यावर दोन पांढुरक्या पट्ट्या जवळ येतात आणि थरथरतात. जन्मभर अभंग म्हणणारा मनुष्य त्या वेळी आपला गळा प्रथमच पाहतो. गार्सियाने पॅरिसमध्ये उन्हात बसून सहा फ्रँकांच्या आरशात जे पाहिले, तेच त्याला आता दिसत असते. आणि एक पट्टी हलते आहे, दुसरी थोडी मागे राहते आहे, हे डॉक्टरांनी सांगण्याच्या आतच त्याच्या ध्यानात आलेले असते.